दुसरं पिल्लूपण

ऑपरेशन होऊन हेमंत फरांदे घरी आले, त्या दिवशी खंड्याने त्यांना ओळखलं नाही.

कुत्रं आनंदाने वेडं होईल, अंगावर उडी मारेल आणि टाके उसवेल, या भीतीने त्यांच्या पत्नीने, रोहिणीताईंनी, त्याला मागच्या अंगणात बांधून ठेवलं होतं. हेमंतराव पायरीवर नीट टेकले तेव्हा रोहिणीताईंनी पट्टा सोडला. खंड्या भरधाव आला आणि थोड्या अंतरावर एकदम थबकला. नाक वर करून त्याने वास घेतला. मग शेपूट पायांत घालून तो मागे सरकला आणि गुरगुरू लागला. हेमंतरावांनी पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला.

खंड्या हे खरं तर त्यांच्या मुलीचं, रेवाचं कुत्रं. कॅनॉलच्या कडेला कुणीतरी पोत्यात टाकलेलं पिल्लू ती घरी घेऊन आली, बाटलीने दूध पाजून तिने ते वाढवलं आणि वर्षभरात नोकरीसाठी जर्मनीला निघून गेली. त्यानंतर खंड्याला शिस्त लावली ती हेमंतरावांनी. साताऱ्यातल्या एका शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. मैदानाच्या एका टोकावरून त्यांनी नाव घेतलं की दुसऱ्या टोकाचं पोर जागच्या जागी ताठ व्हायचं. शिट्टीची त्यांना कधी गरज पडली नाही. त्याच आवाजात त्यांनी खंड्याला 'बस', 'थांब', 'ये' शिकवलं. घरही त्याच आवाजावर चालायचं. चहा हवा असला की तो आवाज गच्चीवरून थेट स्वयंपाकघरात पोचायचा.

त्या आवाजाच्या मुळाशीच गाठ निघाली. डॉक्टरांना स्वरयंत्र काढावं लागलं. आता हेमंतराव नाकातोंडाने नव्हे, तर गळ्याच्या तळाशी केलेल्या छिद्रातून श्वास घेत होते. प्रत्येक श्वासाला बारीक शीळ यायची. अंगाला औषधांचा आणि हॉस्पिटलचा वास होता. कुत्र्याच्या दृष्टीने एक अनोळखी माणूस मालकाचे कपडे घालून घरात शिरला होता.

बोलण्याची सोय मात्र झाली होती. अलीकडे अशा रुग्णांना हनुवटीखाली चिकटवायची एक पातळ पट्टी देतात. माणूस नुसतेच ओठ आणि जीभ हलवतो, पट्टी त्या स्नायूंची हालचाल वाचते आणि खिशातला छोटा स्पीकर ते शब्द बोलतो. शाळेच्या स्नेहसंमेलनांच्या जुन्या चित्रफितींवरून यंत्राने हेमंतरावांचाच आवाज तयार केला होता. तोच खर्ज, तीच जरब. व्हिडिओ कॉलवर तर काहीच कळायचं नाही. चित्रातल्या ओठांशी फोन तो आवाज बेमालूम जुळवायचा आणि हेमंतराव गळ्याला मफलर गुंडाळून बसायचे. रेवाला फक्त एवढंच सांगितलं होतं की गाठ काढली, आता काळजीचं कारण नाही. तिने नुकतीच नोकरी बदलली होती. खरं कळलं तर सगळं सोडून पहिल्या विमानाने येईल, असं हेमंतरावांचं म्हणणं होतं. रोहिणीताईंनी ते मान्य केलं होतं.

रेवा फसली, खंड्या फसला नाही. खिशातून 'खंड्या, इकडे ये' असा आवाज आला की तो कान टवकारून उठायचा, शेपूट हलवत धावत यायचा आणि खिसा हुंगायचा. मग हेमंतरावांच्या तोंडाकडे न बघता त्यांच्या पाठीमागे बघायचा. प्रत्येक खोलीत जाऊन यायचा, फाटकाशी उभा राहायचा. शेवटी दमून, त्यांच्यापासून जेवढं लांब बसता येईल तेवढं लांब जाऊन बसायचा.

एक दिवस दुपारी रोहिणीताई बाजारातून आल्या तर बेडरूमचं दार बंद होतं. आतून हेमंतरावांचा आवाज थांबून थांबून 'खंड्या' म्हणत होता आणि बाहेर कुत्रं घरभर सैरावैरा धावत होतं. त्यांनी दार ढकललं. हेमंतराव पलंगावर बसले होते. दचकले नाहीत. खिशातला आवाज म्हणाला, "मला शोधणारं एवढंच एक उरलंय घरात."

रोहिणीताईंनी पिशवी खाली ठेवली आणि खंड्याला पाणी दिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो चावला. हेमंतरावांनी चिडून 'बस' म्हणून दरडावलं होतं. खंड्या थरथरत बसला. आपण उगाच ओरडलो असं वाटून ते त्याला कुरवाळायला वाकले, आणि गळ्यातली शीळ त्याच्या अगदी तोंडासमोर वाजली. दात मनगटाच्या वर चांगलेच रुतले. खंड्याच्या लसी वेळच्या वेळी झालेल्या असल्या तरी हेमंतरावांना इंजेक्शनं घ्यावीच लागली. शेजारीपाजारी म्हणाले, आता हे कुत्रं घरात ठेवू नका. चावणारं मोठं कुत्रं दुसरं कोण घेणार, याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, ते कुणी उच्चारलं नाही इतकंच.

प्राण्यांच्या डॉक्टर सानिया अत्तार यांनी खंड्याला पिल्लू असल्यापासून पाहिलं होतं. त्यांनी फरांदे दांपत्याला समोर बसवलं आणि एका नव्या उपचाराबद्दल सांगितलं.

पिल्लाच्या आयुष्यात एक काळ असा असतो, त्या म्हणाल्या, की त्याच्या मेंदूचं दार सताड उघडं असतं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत. आपलं कोण, परकं कोण, कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, हे सगळं तेव्हा ठरतं. त्या काळात पिल्लाला माणसं, मुलं, गाड्या, मिक्सरचा आवाज, सगळं हळूहळू आणि गोडीगुलाबीने दाखवलं तर ते पुढे निर्धास्त राहतं. मग मेंदूतल्या काही पेशींभोवती एक बारीक जाळी विणली जाते आणि दार लागतं. शिकलेलं पक्कं होतं. नवीन शिकता येतं, पण फार सावकाश, आणि भीती बसली असेल तर कधी कधी येतच नाही. नवं औषध ती जाळी काही आठवड्यांपुरती सैल करतं. जुन्या आठवणी पुसल्या जात नाहीत, त्यांची पकड सुटते. कुत्रं अंगाने मोठंच राहतं, मनाने पुन्हा पिल्लू होतं. मग जाळी परत विणली जाते, आणि त्या मधल्या काळात जे घडलं ते जन्मभराचं होतं.

"चांगलं तेही आणि वाईट तेही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हे एकदाच करता येतं, काकू. दुसऱ्यांदा मेंदूला झेपत नाही."

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, या काळात खिशातला आवाज पूर्ण बंद. खंड्यासमोर दोन हेमंत सर नकोत, एकच हवा, जो दिसतो, ज्याचा वास येतो आणि ज्याच्या गळ्यातून आवाज येतो तो. दुसरी, घरातली म्हणावी अशी सगळी माणसं या आठवड्यांत खंड्याच्या सहवासात हवीत. जी नसतील ती त्याला उद्या परकी.

रोहिणीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दोघांच्याही मनात रेवाच होती. रिक्षात बसल्यावर त्यांनी विषय काढला. हेमंतरावांनी मान हलवून नाही म्हटलं. रोहिणीताई अडून बसल्या असत्या तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं, निदान त्या स्वतः तरी फोन करू शकल्या असत्या. त्यांनी केला नाही. रविवारी रेवाचा फोन आला की अर्धा-पाऊण तास घरात जुने हेमंतराव बोलायचे, तिकडून ती खळखळून हसायची आणि आपल्या घरात काहीच झालेलं नाही असं रोहिणीताईंना वाटायचं. तो अर्धा तास त्यांना मोडायचा नव्हता.

दिवाळी होऊन गेल्यावर, फटाक्यांचा धोका टळल्यावर उपचार ठरला. आधी रक्त तपासलं. त्यात गोचीड तापाचा अंश निघाला, तो बरा होईपर्यंत थांबावं लागलं. मग इंजेक्शनं सुरू झाली. शेवटच्या इंजेक्शननंतर खंड्या दिवसभर झोपला, आणि सकाळी रोहिणीताई त्याच्या भांड्यात भात आणि चिकन घेऊन गेल्या तेव्हा तो त्यांच्याकडे टक लावून बघत राहिला. ओळखीचं काहीच त्या डोळ्यांत नव्हतं. नंतर त्याने पुढे होऊन त्यांचा पाय हुंगला, साडीची कड तोंडात धरली आणि ओढली.

त्या कधी कुत्र्यामांजरांतल्या नव्हत्या. खंड्या घरात होता म्हणून त्याला जेवू घालायचं, लसींच्या तारखा लक्षात ठेवायच्या, एवढंच. तरी त्या सकाळी भांडं खाली ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ ओट्याशी नुसत्या उभ्या राहिल्या. या घरात आपण पाच वर्षं त्याला ओळखीच्या होतो, हे त्यांना आता कळत होतं.

मग पिल्लूपण सुरू झालं. वासरासारखं दांडगं पिल्लू. त्याने चपला चावल्या, सोफ्याची उशी फाडली, दिवाणखान्यात जागोजागी मुतलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की त्याबद्दल रागवायचं नाही. झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच बाहेर न्यायचं, आणि बाहेर मुतलं की त्याच क्षणी खाऊ द्यायचा. उशिरा दिला तर कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. धडे अगदी लहान ठेवायचे, कंटाळायच्या आत थांबायचं. रोज पंजे हातात घ्यायचे, कान उघडून बघायचे, ओठ वर करून दात चोळायचे, म्हणजे पुढे तपासताना तो घाबरणार नाही. कुकरची शिट्टी आधी लांबून ऐकवायची. हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, झाडू, सगळ्याशी ओळख करून द्यायची, आणि प्रत्येक ओळखीबरोबर तोंडात काहीतरी चविष्ट.

हे सगळं हेमंतरावांनीच करायचं असं ठरलं होतं. पहिले काही दिवस फार अवघड गेले. खंड्याने काही उलटं केलं की त्यांचा हात वर जायचा, तोंड उघडायचं आणि गळ्यातून नुसती हवा बाहेर पडायची. पट्टी काढून ठेवलेली होती, रविवारी गच्चीचं दार लावून रेवाशी बोलण्यापुरतीच ती लागायची. हात तसाच वर राहायचा. मग तो खाली यायचा आणि हेमंतराव वाट बघायला लागायचे. खंड्या कधीतरी आपणहून बसायचा, तेव्हा ते चिकनचा तुकडा त्याच्या तोंडात घालायचे. परत वाट बघायचे. रोहिणीताई दारातून हे पाहत. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण हा माणूस कशाची वाट बघतोय असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

सगळं जुळत आलं असताना एका सकाळी त्यांना खोकल्याची उबळ आली. गळ्याच्या छिद्रातून येणारा तो खोकला भयंकरच असतो, फुटक्या पंपासारखा. खंड्या त्यांच्या पायाशीच बसला होता. तो किंचाळून उडाला, पलंगाखाली शिरला आणि तिथेच भीतीने मुतला. हाक मारून, खाऊ दाखवूनही बाहेर येईना. रोहिणीताईंनी घाबरून डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाल्या, आज ही भीती तशीच राहिली तर कायमची राहील, पण त्याला ओढून बाहेर काढू नका.

फोन ठेवून त्या आत आल्या तर हेमंतराव फरशीवर आडवे झाले होते, पलंगापासून लांब, खंड्याकडे पाठ करून. अशा ऑपरेशनच्या माणसाने थंड फरशीवर झोपू नये म्हणून रोहिणीताईंनी त्यांना उठवायचा प्रयत्न केला. हेमंतरावांनी हातानेच थांब म्हणून खुणावलं. मग ते मुद्दाम अगदी हलकं खोकले आणि पाठीमागे न बघता चिकनचा एक तुकडा पलंगाखाली सरकवला. थोड्या वेळाने पुन्हा. पुन्हा एकदा. ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं तरी ते तिथेच होते. रोहिणीताईंनी त्यांच्या अंगावर शाल टाकली आणि स्वयंपाकघरातून आणखी चिकन आणून दिलं.

चहाच्या वेळेपर्यंत खंड्याचं नाक पलंगाबाहेर आलं. संध्याकाळी हेमंतराव खोकले, तेव्हा तो त्यांच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि खाऊची वाट बघू लागला. पुढे त्याला ती सवयच जडली. कुणीही खोकलं की हा शेपूट हलवत समोर हजर.

त्या संध्याकाळी, फरशीवर बसल्या बसल्याच, हेमंतरावांनी गळ्यावर अंगठा दाबला. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मध्ये एक छोटी झडप बसवली होती. छिद्र अंगठ्याने झाकलं की फुप्फुसातली हवा त्या झडपेतून वर जाते आणि घशाच्या भिंती थरथरून एक प्रकारचा आवाज निघतो. हॉस्पिटलात त्यांनी एकदाच तो काढून पाहिला होता. ढेकर दिल्यासारखा, चिरका. तो ऐकून त्यांनी पुन्हा कधी प्रयत्न केला नव्हता.

"खं...ड्या," ते म्हणाले.

रोहिणीताई दारात थांबल्या. कुत्र्याने मान तिरकी केली, त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मागे कुठेही बघितलं नाही. हेमंतरावांनी त्याला तुकडा दिला आणि पुन्हा त्याचं नाव घेतलं.

जाळी परत विणली गेली तोवर खंड्या त्या चिरक्या आवाजावर बसायला, थांबायला आणि यायला शिकला होता. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी एका बंद खोलीत जुन्या आवाजातलं 'खंड्या' वाजवून पाहिलं. त्याने एकदा कान हलवला आणि परत पंजा चाटायला लागला. हेमंतराव काचेतून बघत होते. घरी आल्यावर त्यांनी ती पट्टी आणि स्पीकर कपाटात ठेवून दिले. फक्त रविवारी, गच्चीवर जाऊन, रेवाशी बोलताना ते बाहेर काढायचे.

उन्हाळ्यात रेवा न सांगता आली. आईबाबांना चकित करायचं म्हणून तिने विमानतळावरून फोनही केला नव्हता. बॅग फाटकाशी टाकून तिने लहानपणीच्या लाडात हाक मारली आणि खंड्या अंगणातून झेपावला. तिने हात पसरले. तो फाटकावर पंजे आपटून तिच्यावर भुंकायला लागला. मानेवरचे केस उभे, दात बाहेर. आधी ती हसली, तिला वाटलं खेळतोय. हसू हळूहळू मावळलं.

हेमंतराव बाहेर आले. घरात असल्यामुळे गळ्यात मफलर नव्हता, छिद्रावर फक्त एक पातळ कापड होतं. मुलीला बघून ते जागीच थांबले. मग त्यांनी अंगठा गळ्यावर ठेवला.

"खंड्या. बस."

कुत्रं बसलं. रेवाने इकडेतिकडे पाहिलं.

"बाबा, कोण बोललं?"

"मी," ते म्हणाले.

रोहिणीताईंनी तिला घरात नेलं आणि सगळं सांगितलं, ऑपरेशनपासून खंड्याच्या उपचारापर्यंत. ऐकताना रेवाला रविवारचे सगळे फोन एकेक करून आठवत होते. कुठल्या गोष्टीला आपण हसलो, कशाकशाची गाऱ्हाणी केली. ती रडली नाही, पण तिचा चेहरा परक्यासारखा झाला.

"मी त्याला बाटलीने दूध पाजलंय, आई. आणि मला कुणी विचारलं नाही."

"नाही विचारलं," रोहिणीताई म्हणाल्या. "यांनी नको म्हटलं, आणि मलाही ते बरंच वाटलं. जुना आवाज ऐकून तू हसायचीस ना, मला ते हवं होतं."

रेवाने स्वतः डॉक्टर अत्तारांना फोन लावून विचारलं, पुन्हा इंजेक्शन देता येईल का. येणार नव्हतं. पण मोठी कुत्रीही नवं माणूस ओळखायला शिकतात, डॉक्टर म्हणाल्या, वेळ लागतो इतकंच.

पुढचे दिवस रेवा अंगणात फरशीवर बसून असायची. हेमंतराव पायरीवरून तिला शिकवायचे. एकेक शब्द, मध्ये श्वास. अंग तिरकं कर. डोळ्यांत बघू नकोस. हात खाली ठेव, तळवा उघडा. तिला त्यातलं निम्मं कळायचं नाही. ती मान वळवून बघायची आणि ते पुन्हा सांगायचे. खंड्या लांब बसून दोघांकडे बघत राहायचा. एकदा ते बोलता बोलता दमून थांबले, तेव्हा ती उठून त्यांच्याशेजारी पायरीवर जाऊन बसली. त्यांचा गळा तिने पहिल्यांदाच जवळून पाहिला. दुखतं का, असं विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, मग थोडा विचार करून हो म्हणून हलवली.

सुट्टी संपत आली तेव्हा खंड्या एका संध्याकाळी पुढे आला, रेवाच्या तळव्यावरचा तुकडा उचलला आणि आपल्या जागी परत गेला. एवढंच झालं. ती बराच वेळ तो ओला तळवा तसाच उघडा धरून बसली होती.

निघताना तिने बाबांना सांगितलं की रविवारी फोन करायचा, आणि पट्टी लावायची नाही. ते म्हणाले, तुला कळणार नाही. ती म्हणाली, बघू.

पहिल्या रविवारी फोन आला. हेमंतराव गच्चीवर गेले नाहीत, अंगणातच बसले. तिकडे लोकांची वर्दळ होती, बहुतेक ती स्टेशनवर उभी होती. त्यांनी खंड्याबद्दल काहीतरी सांगितलं. पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. रोहिणीताई हातातलं काम सोडून फोनकडे बघत राहिल्या.

"समजलं नाही, बाबा," रेवा म्हणाली. "परत सांगा."

हेमंतरावांनी खोल श्वास घेतला, अंगठा गळ्यावर ठेवला आणि परत सांगितलं.